मेंगाळ मॅडमची सही

मेंगाळ मॅडमसमोर 'साधारण' हा शब्द काढायची सोय नव्हती. वीज किती वाजता गेली असं त्यांनी विचारावं आणि मी "साधारण साडेदहाला" म्हणावं, की हातातलं काम खाली ठेवून त्या चष्म्यावरून बघायच्या. "साधारण म्हंजे किती रे गुरू? साडेदहाच्या अलीकडं का पलीकडं?" मी इलेक्ट्रिशियन माणूस. आमच्या धंद्यात वीज गेली म्हणजे गेली आणि आली म्हणजे आली. पण त्यांच्याबरोबर सहा वर्षं काढल्यावर मी घरीही बायकोला विचारायला लागलो, भातात पाणी किती घातलंस, साधारण नको सांगू. तिनं एकदा भाताचं पातेलं माझ्याच हातात दिलं, तेव्हा थांबलो.

आमचं हॉस्पिटल शहापूर-मुरबाड रस्त्यावर आहे, एका ट्रस्टचं. कॅन्सरच्या पेशंटना किरणं देण्याचं मोठं मशीन आमच्याकडे आहे. लोक त्याला शेक म्हणतात, मग आम्हीही शेकच म्हणतो. मशीन म्हणजे एक भलामोठा हात. पलंगावर झोपलेल्या माणसाभोवती तो फिरतो. हाताच्या आतून एक नळी जाते, नळीतून झोत धावतो, आणि हाताच्या टोकाला जे डोकं आहे त्यातून बाहेर पडून गाठीवर पडतो. तो पडायचा तिथंच पडतोय ना, हे बघणारं माणूस म्हणजे फिजिसिस्ट. मेंगाळ मॅडम आमच्या फिजिसिस्ट. रोज सकाळी मशीन तपासून त्या एका कागदावर सही करायच्या. ती सही झाल्याशिवाय पहिला पेशंट आत जात नसे.

बुटक्या, ताठ, अंबाड्यात पेन खोचलेलं. ते पेन तिथं आहे हे विसरून दुसरं खोचायच्या, आणि संध्याकाळपर्यंत अंबाड्यात तीन पेनं जमलेली असायची. डोळखांबच्याही पुढे आत एका पाड्यावरच्या त्या. आईबाप भाताची खाचरं करणारे, आणि दिवाळी झाली की बिऱ्हाड उचलून कामाला बाहेर जाणारे. अशा घरातली मुलगी भौतिकशास्त्र शिकून आली कशी, हे मला आजही नीट माहीत नाही. विचारलं की म्हणायच्या, "अभ्यास करून."

त्यांच्या मुलाखतीच्या दिवशी मी त्याच खोलीत स्टुलावर चढून ट्यूब बदलत होतो. ट्रस्टच्या सेक्रेटरी साहेबांनी फाइल चाळली, पाड्याचं नाव वाचलं आणि मोठ्या प्रेमानं विचारलं, "तुमच्याकडे वीज आहे का हो?"

"आहे," मॅडम म्हणाल्या. "मी बाहेर दोन तास बसले होते, तेवढ्यात इथं चारदा गेली. आमच्याकडं एवढी जात नाय."

साहेबांनी वर माझ्याकडे असं पाहिलं, जसा काही मीच स्टुलावरून ती घालवत होतो. नोकरी मॅडमनाच मिळाली, कारण एवढ्या आडबाजूला यायला दुसरं कुणी तयारच नव्हतं. मला मात्र त्या दिवसापासून त्यांचा राग यायला लागला. वीज हे माझं खातं होतं.

तो राग उतरला एका हंड्यामुळे. त्याचं असं झालं, की सकाळच्या तपासणीची एक ठरलेली पद्धत होती. पलंगावर एक चौकोनी पाटी ठेवायची, मशीनचा हात सरळ वर उभा करून झोत खाली सोडायचा, आणि तो मधोमध पडला का हे पाटी सांगायची. पण पेशंट झोपला की पाटी मध्ये घालता येत नाही, घातली तर झोतच अडतो. म्हणजे सकाळी एकदा, एकाच बाजूनं बघायचं आणि दिवसभर विश्वासावर चालायचं. मशीनच्या आत कंपनीचं स्वतःचं मोजमाप असतं, ठरावीक फरकापलीकडे गेलं की ते मशीन बंद पाडतं. पण मॅडमना 'ठरावीक' हा 'साधारण'चाच सख्खा भाऊ वाटायचा.

त्यांनी काडेपेटीएवढे चार सेन्सर आणले आणि मशीनच्या डोक्याला बाहेरून चार बाजूंना चिकटवले. झोताला अडवायचं नाही, कव्हर उघडायचं नाही, काही नाही. आम्हा कुणालाच त्याचा अर्थ लागेना. मग एका दुपारी त्यांनी सगळ्या स्टाफला गॅलरीत उभं केलं, मला आवारात बोलावलं, माझ्या डोक्यावर काठोकाठ भरलेला हंडा ठेवला आणि गेटपर्यंत चालायला सांगितलं. आयाबाया खिदळत होत्या. मी गेलो.

"आता ह्याला थांबवू नका, ह्याला विचारू नका," मॅडम म्हणाल्या. "नुसती जमीन बघा. पाणी दोन्ही बाजूंना सारखं सांडलंय का?"

धुळीत सगळे शिंतोडे डाव्या बाजूला.

"गुरू डावीकडं कलतो. त्याला सोताला ठाऊक नाय. झोताचं तसंच हाय. जाता जाता थोडा सांडतोच. ते सांडणं बाहेरून मोजायचं. चारी बाजूंना सारखं, म्हंजे झोत मधोमध."

त्यानंतर वर्षभर मला हॉस्पिटलात डावा गुरू म्हणत. पण मला समजलं होतं, आणि मला समजलंय हे मॅडमना समजलं होतं. तेव्हापासून सेन्सरच्या वायरी माझ्याकडे आल्या.

सेक्रेटरी साहेबांना ते सेन्सर डोळ्यांसमोर नको होते. कंपनीनं न दिलेली वस्तू मशीनला कशाला, उद्या काही झालं तर कोण निस्तरणार? मॅडमनी दोन महिन्यांचे आकडे नेऊन दाखवले, सेन्सर लावून आणि काढून. झोतात काडीचा फरक नव्हता. साहेब म्हणाले, ते ठीक आहे, पण काढा. मॅडम म्हणाल्या, काढते, लेखी द्या. 'पेशंटला शेक देताना झोतावर लक्ष ठेवणारं साधन मी काढायला लावलं' एवढं एकच वाक्य आणि खाली सही. ते पत्र काही आलं नाही. सेन्सर राहिले. कंट्रोल रूमच्या टेबलावर चार आकड्यांचा मीटर आला, आणि शेक चालू असताना मॅडम त्या आकड्यांकडे बघत बसायच्या. चहा आला तरी मान वळायची नाही. मग गार झालेला चहा एका घोटात संपवून, गार दिला म्हणून कँटीनवाल्यालाच झापायच्या.

पेशंटशी त्या पाड्याच्या बोलीत बोलत, डॉक्टरांशी पुस्तकातल्या भाषेत, आणि माझ्याशी भांडणाच्या. देवाधर्माचं त्यांना वावडं नव्हतं. फक्त मशीनला कुणी हात लावलेला चालत नसे. खंडेनवमीला आम्ही सगळ्या मशिनींची पूजा करतो, जनरेटरची, एक्स-रेची, अँब्युलन्सची. मोठ्या मशीनची पूजा मॅडम पलंगापासून चार हात लांब, टेबलावर करायला लावायच्या. फुलं टेबलावर, कुंकू टेबलावर, नारळ बाहेर फोडायचा.

मला ते खटकायचं. त्या पावसाळ्यात मशीन चार वेळा बंद पडलं होतं. एवढं मोठं यंत्र, सगळ्या तालुक्यांतून लोक बघायला येतात, दृष्ट लागणार नाही तर काय? म्हसा गावच्या जत्रेतून आणलेली घोड्याची नाल माझ्याकडे होती. खंडेनवमीच्या सकाळी पंख्याच्या जाळ्या साफ करायच्या निमित्तानं मी मशीनच्या हाताचं मागचं कव्हर उघडलं आणि ती नाल आतल्या पट्टीला तांब्याच्या तारेनं घट्ट बांधून टाकली. हात जोडले आणि कव्हर लावलं. मॅडमच्या नाकावर टिच्चून देवाचं काम केलं, याचा मला आनंदही झाला. पुढे महिनाभर मशीन एकदाही बंद पडलं नाही. मी मनातल्या मनात नालेचे आभार मानले आणि तिला विसरून गेलो.

त्याच सुमारास ठमाबाई आली. सिद्धगडाच्या पायथ्याच्या पाड्यावरची, पन्नाशी ओलांडलेली, काटक बाई. मुरबाडला पुतणीकडे राहून रोज यायची. उजव्या डोळ्याच्या मागे गाठ होती. डॉक्टरांनी तीस शेक सांगितले होते, काही वरून, काही बाजूनं, अशा बेतानं की गाठीला लागावं आणि डोळ्याच्या नसेला लागू नये. गाठ आणि नस यांच्यात जागा तांदळाच्या दाण्याएवढी.

पहिल्या दिवशी डोकं हलू नये म्हणून तोंडावर घालतात तो जाळीचा मुखवटा बसवण्याआधी तिनं विचारलं, "माझा डोळा जाल का?" डॉक्टर म्हणाले, "बहुतेक नाही." तिनं मान वळवून मॅडमकडे पाहिलं. आपल्याकडची बाई आहे हे तिनं बोलण्यावरून ओळखलं होतं.

"नाय जायचा," मॅडम म्हणाल्या. "मी बसलेय ना."

सहा वर्षांत मॅडमनी कुणाला शब्द दिलेला मी ऐकला नव्हता. खोलीबाहेर येताच त्या मला उगाचच ओरडल्या.

अकराव्या शेकाला मीटरवरचे दोन आकडे एकमेकांपासून फुटले. मशीनचा हात आडवा झाला, उजवीकडून झोत सुटला, आणि समोरासमोरच्या दोन सेन्सरमध्ये थोडा फरक आला. हात वर गेला की फरक गायब. मॅडमना वाटलं, सेन्सर सैल झाला असेल. मला वायरी तपासायला लावल्या, त्या ठीक होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन सेन्सरची अदलाबदल केली. फरक सेन्सरबरोबर गेला नाही, होता त्याच बाजूला राहिला. तिसऱ्या दिवशी सकाळी पाटीवरची तपासणी नेहमीसारखी सुरेख आली. मॅडमनी तो कागद बघितला, बाजूला ठेवला आणि अंबाड्यातलं पेन काढलंच नाही.

"आज मशीन चालणार नाय," त्या म्हणाल्या.

बाहेर बाकांवर बावीस पेशंट. कुणी टोकावड्याहून पहाटेच्या एसटीनं आलेलं, कुणी मुलाच्या खांद्यावर डोकं टेकून बसलेलं. अर्ध्या तासात सेक्रेटरी साहेब आले. त्यांनी सकाळची तपासणी पाहिली, फोनवर कंपनीच्या इंजिनिअरशी बोलले, तो म्हणाला सगळं मर्यादेत आहे, चालवा.

"मॅडम, पाटी बरोबर आहे, कंपनी बरोबर आहे, मशीन बरोबर आहे. फक्त तुमच्या चिकटवलेल्या डब्या चुकीचं दाखवतायत."

"पाटी वरून बघते. ठमाबाईला बाजूनं शेक जातो."

"अहो, एवढी माणसं परत पाठवायची? तीही आजारीच आहेत ना? त्यांचा खंड पडला तर गाठ वाढेल, त्याची जबाबदारी कुणाची?"

साहेबांचं हे म्हणणं खोटं नव्हतं. मॅडमनाही ते ठाऊक होतं, त्यांचा चेहराच सांगत होता. तरी त्यांनी मशीनची चावी काढली आणि कमरेला खोचली.

"हे हॉस्पिटल माझं आहे, मॅडम," साहेबांचा आवाज चढला.

"हॉस्पिटल तुमचंच. सही माझी."

मग त्या बाहेर बाकांपाशी आल्या आणि सगळ्यांसमोर सांगितलं. काही लपवलं नाही. मशीन तिरकं जातंय असा मला संशय आहे, खात्री नाही, खात्री होईपर्यंत चालवणार नाही. लोक चिडले. एकानं तर शिव्याच दिल्या. सगळ्यात मोठ्यांदा ठमाबाई तडकली. "आज शेक नाय द्यायचा, तं मला इथवर आणलाच कशाला? भात कापायचा टाकून येतंय मी!"

मॅडम तिच्यासमोर उकिडव्या बसल्या. "मावशे, आज दिला आणि माझा संशय खरा निघाला, तर डोळा जाल. नाय दिला तर एक दिवस जाल. मी दिवस घालवतेय. तुला नको असंल तर सांग."

ठमाबाई पदर आवळून बसली आणि साहेबांकडे बोट करून म्हणाली, "त्याला सांग, डोळा माझा हाय. बंद ठेव मशीन. मी बसतंय इथंच." आणि खरंच ती संध्याकाळपर्यंत त्या बाकावरून हलली नाही. ती बसली म्हणून आणखी सातआठ जण बसले. साहेब दोनदा आले आणि दोनदा परत गेले.

आत मॅडमनी पाटी एका स्टँडवर उभी बांधली, मशीनचा हात आडवा केला आणि बाजूनं झोत सोडला. झोत मधोमध नव्हता. तीन मिलिमीटर सरकलेला होता. त्यांनी पाचदा मोजलं, पाचही वेळा तेच. मग म्हणाल्या, "गुरू, मागचं कव्हर उघड."

पहिला स्क्रू काढला. दुसरा काढला. तिसऱ्या स्क्रूवर स्क्रूड्रायव्हर लावला आणि मला नाल आठवली. माझा हात तिथंच थांबला.

"काय झालं?"

"मॅडम, आत नाल हाय. मी टांगली. खंडेनवमीला."

त्या ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. "उघड," एवढंच म्हणाल्या.

महिनाभर मशीन फिरून फिरून तार सैल झाली होती. नाल लोंबत होती. हात वर उभा असला की ती नळीपासून लांब राही, म्हणून सकाळची पाटी सुरेख यायची. हात आडवा झाला की ती डुलत येऊन नळीला टेकायची, आणि नळीतला झोत मुळात विजेचाच, त्यामुळे तेवढ्या लोखंडातल्या चुंबकपणानंही त्याची वाट वाकायची. मॅडमनी मशीनचा हात दोनदा फिरवून मला ते दाखवलं. मग मीच तार कापली. पुन्हा मोजलं, चारी आकडे सारखे आले.

नोंदवहीत काय लिहायचं यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा भांडण. साहेब म्हणत होते 'तांत्रिक बिघाड' लिहा. मॅडमनी लिहिलं: मशीनच्या आत लोखंडी नाल आढळली, काढली. मी हात जोडून सांगितलं, मॅडम, माझं नाव नका घालू, माझी नोकरी जाईल.

"मी नाय घालणार," त्या म्हणाल्या आणि पेन माझ्यापुढे धरलं. "तुझं नाव तू लिही."

मी त्यांचा त्या क्षणी जेवढा राग केला तेवढा आयुष्यात कुणाचा केला नाही. पण लिहिलं. नाल मी टांगली, आणि खाली पूर्ण नाव. अक्षर वेडंवाकडं आलंय, वही अजून आहे.

बाकीच्यांना एवढ्या फरकानं धोका नाही हे डॉक्टरांनी तपासलं, ठमाबाईचे उरलेले शेक मात्र नव्यानं आखले, ते पुरेही झाले. गाठ आक्रसली. पण मॅडमना एक गोष्ट गिळता येत नव्हती. "दोन दिवस मी माझ्याच मीटरवर संशय घेतला. तेवढ्यात तिला दोन शेक तिरके गेले." डोळ्याच्या नसेचं दुखणं लगेच कळत नाही, सहा-आठ महिन्यांनी नजर जायला लागते. दोन शेकांनी काही होणार नाही असं डॉक्टर सांगायचे. "बहुतेक ना?" मॅडम विचारायच्या.

माझी नोकरी गेली नाही. मॅडमची गेली. मार्चमध्ये त्यांचं कॉन्ट्रॅक्ट संपलं आणि ते पुढे वाढवलं नाही, कारण कुणी सांगितलं नाही. त्या विचारायलाही गेल्या नाहीत. डबा, दोन वह्या आणि ड्रॉवरभर पेनं घेतली, नव्या फिजिसिस्ट पोराला मीटरसमोर बसवून दोन तास सगळं समजावलं आणि दुसऱ्या जिल्ह्यातल्या सरकारी हॉस्पिटलात रुजू झाल्या. निघताना साहेबांच्या खोलीचं दार उघडून म्हणाल्या, "सेन्सर काढलेत तर मला कळंल." साहेबांनी मान खाली घालून कागद चाळला. सेन्सर अजून आहेत.

मे महिन्यात त्यांचा फोन आला. "ठमाबाई डोळा तपासायला आली का?"

"नाय."

"तारीख होऊन किती दिवस झाले?"

"साधार... बारा दिवस."

"रविवारी मोटारसायकल काढ."

मुरबाड, टोकावडे, आणि तिथून आत. रस्ता संपला तिथं गाडी लावून आम्ही चढलो. ऊन असं की बोलवत नव्हतं, तरी मॅडम वाटेत कुठं टेकल्या नाहीत. मला कळत होतं त्या कशाला भीत होत्या. मीही त्यालाच भीत होतो, आणि माझ्याजवळ भिण्याचं कारण त्यांच्यापेक्षा मोठं होतं.

ठमाबाई अंगणात हिरडा वाळत घालत होती. आम्हाला बघून उठली. मॅडमनी राम राम नाही, पाणी नाही, सरळ झापायला सुरुवात केली. "कागद दिलेला, तारीख लिहून दिलेली. का नाय आलीस?"

"नाय आले. दुखत नाय, मंग कशाला येऊ?"

"दुखत नसतं गो ते! नुसतं दिसंनासं होतं. इकडं ये." मॅडमनी तिचा डावा डोळा झाकायला हात पुढे केला. ठमाबाईनं तो बाजूला सारला.

"तू नको झाकू. मी झाकतंय."

तिनं आपला डावा तळवा चांगल्या डोळ्यावर घट्ट दाबला आणि अंगणातून निघाली. वर झऱ्याकडे जाणारी पायवाट होती, धोंड्यांची, एका बाजूला उतार आणि दुसऱ्या बाजूला करवंदीच्या जाळ्या. ती त्या वाटेला लागली, आणि रोज पाण्याला जाते त्याच चालीनं चढू लागली.

"थांब गो! पडशील! मला नुसतं विचारायचं होतं!" मॅडमची चप्पल धोंड्यांवर सरकायला लागली, तशा त्या चपला हातात घेऊन अनवाणी मागे धावल्या. ठमाबाईनं एक मूळ ओलांडलं. एक फांदी आली, तिच्याखालून वाकली. जाळीत हात घालून पानाआडचं एक पिकलं करवंद नेमकं खुडलं आणि मागे न बघता हात मागे धरला. मॅडमनी ते घेतलं. त्या रडत होत्या, उघड, नाक पुसत, आणि तरीही ओरडत होत्या, "झालं, दिसलं मला, आता हात काढ, ऐक माझं!"

मी खाली अंगणात उभा राहून दोघींना वळणापर्यंत बघत राहिलो. ठमाबाईनं हात काढला नाही.